धूर दिसायचा तेव्हा

नव्वदच्या दशकात कुठल्याही मोठ्या साइटवर गेलं की आधी धूर दिसायचा, मशीन नंतर. कोकण रेल्वेचं काम जोरात होतं, पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं सुरू झालं, कालव्यांची खोदाई तर बारमाही चालूच असायची. डोझर चढाला लागला की त्याच्या उभ्या सायलेन्सरमधून काळा लोट निघायचा आणि ऑपरेटरने थ्रॉटल सोडला की विरळ व्हायचा. आमचे फोरमन पत्र्याच्या शेडमधून नुसती मान बाहेर काढून सांगायचे, "दोन नंबरच्या डोझरचा एअर क्लीनर बघा रे, चोंदलाय." आणि तो चोंदलेलाच निघायचा.

या मशीनांच्या देखभालीत माझं आयुष्य गेलं. आज यार्डात नवा एक्स्कॅव्हेटर भर लोडवर चालतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी फक्त गरम हवा थरथरताना दिसते. थंड झाल्यावर त्या नळीत पांढरा रुमाल फिरवून बाहेर काढला तरी तो पांढराच राहतो. मला याचा मनापासून आनंद आहे. तरीही त्या धुराची आठवण येते, कारण इंजिनाचं दुखणं त्यात दिसायचं आणि ते ओळखायला आम्ही शिकलो होतो. दुखणी आजही तीच आहेत. फक्त बाहेर पडायच्या आधी वाटेत अडवली जातात. नव्या मशीनवर हात चालवणाऱ्या पोरांना ती अडवलेली दुखणी ओळखता यावीत, म्हणून हे सगळं पुन्हा आठवायला बसलो आहे.

तेव्हा यार्डात मुख्यतः दोन तऱ्हेची इंजिनं असायची. एक मायकोच्या पंपावर चालणारी. मायको म्हणजे बंगळूरची १९५१ सालची मोटर इंडस्ट्रीज कंपनी. आता तिचं नाव बॉश झालं, पण जुन्या पंपवाल्यांच्या तोंडी अजून मायकोच आहे. सहा सिलिंडर असतील तर सहा प्लंजर, सहा पाइप, सहा नोझल, सगळं डोळ्यांसमोर. दुसरी कमिन्सची. किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना पुण्यात कोथरूडला १९६२ मध्ये आला आणि एनटी ८५५ सारखी १४ लिटरची इंजिनं देशभरच्या डोझरांत, डंपरांत आणि जनरेटरांत जाऊन बसली. त्यात पंप फक्त डिझेलचा दाब सांभाळायचा. फवारा मारायचं काम कॅमशाफ्ट रॉकरकरवी इंजेक्टर दाबून करून घ्यायचा. वायरिंग नावापुरतं. पंपावर डिझेल बंद करणारा एक सोलेनॉइड असायचा, आणि तो जळाला तरी त्याच्यावरचा स्क्रू बोटांनी आवळून इंजिन सुरू करता यायचं. रात्री दोन वाजता, गावापासून लांब, हा स्क्रू ठाऊक असलेला हेल्पर साहेबापेक्षा मोठा ठरायचा.

पंपवाल्याच्या दुकानात सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे नोझल टेस्टर. हाताच्या दांड्याचा छोटा पंप, वर डिझेलचं भांडं, समोर दाबाचं घड्याळ. इंजिनातून काढलेली नोझल त्याच्या पाइपला बांधायची आणि दांडा सावकाश खाली न्यायचा. काटा चढत जायचा आणि २०० बारच्या आसपास, त्या इंजिनाचा जो आकडा असेल तिथे, कर्रकर्र असा कोरडा आवाज व्हायचा. आवाज आला म्हणजे आतली सुई मोकळी आहे. मग फवारा बघायचा. सगळ्या भोकांतून सारखा येतोय का, कुठे धार तर नाही ना. शेवटी दाब जरासा कमी ठेवून दांडा तसाच धरायचा आणि नोझलच्या टोकाकडे दहा सेकंद टक लावून बघायचं. टोक कोरडं राहिलं तर नोझल पास. थेंब धरला तर ती सिलिंडरमध्येही अशीच गळत असणार, ते डिझेल धड जळत नसणार आणि काळा धूर होऊन बाहेर येत असणार. फवाऱ्यासमोर हात न्यायला सक्त मनाई होती, कारण त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

काळा, निळा आणि पांढरा असे धुराचे तीन रंग, आणि प्रत्येकाची चौकशी वेगळी. काळा म्हणजे हवा कमी नाहीतर डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर, मग टर्बोचे होस आणि क्लॅम्प, मग नोझल, आणि सगळ्यात शेवटी पंपाचं सेटिंग. हा क्रम उलटा करणाऱ्याला फोरमन चांगलं फैलावर घ्यायचे. निळा म्हणजे ऑईल जळतंय. सकाळी सुरू करताना थोडा वेळ येऊन साफ झाला तर व्हॉल्व्हच्या गाइड बघायच्या. लोडवर वाढत गेला तर रिंगा नाहीतर टर्बोचं सील. पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटं आला तर कोणी ढुंकून बघत नसे. न जळलेलं डिझेल ते, इंजिन तापलं की जाणार. तापल्यावरही येत राहिला तर टायमिंग तपासायचं, आणि त्यात कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे वळायचं. या तपासाला एक पैसा लागत नव्हता. ऑपरेटर मामांना सगळ्यात आधी कळायचं, कारण दिवसभर तो सायलेन्सर त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा.

हे सगळं प्रेमाने आठवतो, पण बोगद्याची आठवण निघाली की सूर बदलतो. त्या काळात कुठल्याही बोगद्यात ब्लास्टिंगनंतरचा मलबा उचलायला लोडर आणि डंपर आत जायचे. तोंडाशी मोठा पंखा आणि तिथून आत नेलेला जाडजूड डक्ट असायचा. तरी आतल्या दिव्यांभोवती करडा पडदा धरलेला असायचा. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाने नाक शिंकरलं की रुमालावर काळं. रात्रभर खोकला. आम्ही त्याला धूळ म्हणून सोडून द्यायचो. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं, ज्या गटात तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस आहेत. त्या निर्णयाला मोठा आधार खाणकामगारांवरच्या अभ्यासाचा होता, म्हणजे बंद जागेत डिझेल मशीनांजवळ वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचा. ती बातमी वाचताना मला बोगद्यातले चेहरे दिसत होते. म्हणून जुनी इंजिनं बरी होती असं कोणी म्हणालं की मी मान डोलावत नाही. जुनं इंजिन समजायला सोपं होतं, एवढंच खरं.

कायदा रस्त्यावरच्या ट्रकना आधी लागला, आमच्या मशीनांना उशिरा. बांधकामाच्या मशीनांसाठी भारत स्टेज दोन २००७ मध्ये आलं आणि तीन एप्रिल २०११ मध्ये. तोवर पंप, पिस्टन आणि टर्बो सुधारून भागत होतं. खरी उडी चौथ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२१ ला पडली, आणि पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. वीस टनी एक्स्कॅव्हेटरचं इंजिन बहुधा ७५ ते १३० किलोवॅटच्या गटात बसतं. या गटाला तिसऱ्या टप्प्यात एका किलोवॅट-तासामागे ०.३ ग्रॅम काजळी चालत होती, पाचव्यात फक्त ०.०१५ ग्रॅम चालते. विसावा हिस्सा! शिवाय आता वजनाबरोबर कणांची संख्याही मोजतात, कारण सगळ्यात बारीक कण वजनात भरत नाहीत आणि फुप्फुसात सगळ्यात खोल तेच जातात. ही इंजिनं तपासून दाखला देणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय आहे. डिझेलची इंजिनं बनवणारं हे शहर ती स्वच्छ आहेत का हेही तपासतं, याचं मला कौतुक वाटतं.

डिझेलही बदललं, आणि ते बदललं नसतं तर पुढचं काहीच जमलं नसतं. १९९० च्या सुमारास आपल्याकडच्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहा डिझेलमध्ये जास्तीत जास्त १० भाग चालतात. गंधकाची जळून आम्लं होतात. ती मारायला जुन्या इंजिन ऑईलमध्ये क्षारांचं प्रमाण भरपूर ठेवायचे. ते ऑईल थोडंथोडं जळायचं, क्षारांची राख धुराबरोबर उडून जायची आणि कोणाला पत्ता लागायचा नाही. ही राख नव्या मशीनात कुठे जाते ते पुढे येईलच.

डिझेल इंजिनाचं मूळ त्रांगडं असं की सिलिंडरमधली आग जितकी गरम तितकी काजळी कमी, पण तितकेच हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून नायट्रोजन ऑक्साइड वाढवतात. आग थंड ठेवावी तर काजळी वाढते. पूर्वी टायमिंग मागेपुढे करून यातलं एकच साधायचं. आता ही तड बरीचशी सायलेन्सरच्या जागी लागते. काही इंजिनांत आधी थोडा धूरच थंड करून परत सिलिंडरमध्ये घालतात, म्हणजे आग निवते; तो ईजीआर. पुढे प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप असलेला डीओसी, ज्यात न जळलेलं डिझेल आणि कार्बन मोनॉक्साइड जळून जातं. त्याला लागून डीपीएफ, काजळी धरणारा सिरॅमिकचा ठोकळा. त्यात हजारो बारीक चौकोनी वाटा असतात. एक वाट पुढून उघडी आणि मागून बुजवलेली, शेजारची बरोबर उलट. त्यामुळे धुराला भिंतीतून पाझरूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे राहते. शेवटी एससीआर. तिथे युरियाचं पाणी फवारतात, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया तिथल्या कॅटलिस्टवर नायट्रोजन ऑक्साइड फोडून नुसता नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करतो. हा युरिया मात्र सगळ्या मशीनांना लागत नाही. ५६ किलोवॅटच्या आतल्या इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा सैल आहे, म्हणून गावोगाव दिसणाऱ्या बऱ्याच बॅकहो लोडरना तो लागत नाही आणि शेजारच्या मोठ्या एक्स्कॅव्हेटरला लागतो. साइटवर यावरून वाद होतात. एक ऑपरेटर म्हणतो, माझ्या मशीनला कुठे लागतो? दुसरा म्हणतो, माझ्या मशीनला तर लागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

साठलेली काजळी जाळून टाकावी लागते, त्याला साइटवर सगळे रीजन म्हणतात. मशीन भर लोडवर चाललं की धूर अडीचशे-चारशे अंशांना पोचतो आणि काजळी आपसूक थोडीथोडी जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर इंजिन जादा डिझेल सोडून डीपीएफचं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतं. इथे आमच्या जुन्या सवयी आडव्या येतात. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत मशीन तसंच स्लोवर सोडून द्यायचे. बॅटरी अशक्त असायची, परत सुरू होईल की नाही याची धास्ती. आज तासन् तास स्लोवर ठेवलेल्या इंजिनाचा धूर थंड राहतो, काजळी जळत नाही, साठत जाते. उलट कामावरून थांबताना टर्बो निवायला तीन-चार मिनिटं स्लोवर ठेवायची जुनी शिस्त आजही तितकीच बरोबर आहे. तरुण ऑपरेटर नेमकं या दोन्हींत गल्लत करतात. पार्किंग रीजनला, म्हणजे काम थांबवून जागच्या जागी रीजनला, लावलेलं मशीन तर उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर कधीच उभं करू नये. ती उष्णता सायलेन्सरमधून खाली गवतावर आली तर शेत पेटेल. आणि सुरू झालेलं रीजन "गाडी भरायचीय" म्हणून मधेच तोडायचं नाही. तसं चार-पाचदा तोडलं की काजळी इतकी साठते की मशीन स्वतःच ताकद कमी करतं, आणि मग खरोखरच गाडी भरता येत नाही.

किल्लीचंही तसंच. पूर्वी संध्याकाळी इंजिन बंद केलं की त्याच झपाट्यात खाली उतरून बॅटरीचा आयसोलेटर फिरवायचा, कारण बॅटरी उतरली की सकाळी धक्का देऊन सुरू करायला एक्स्कॅव्हेटर म्हणजे काही जीप नव्हे. आता युरियाचा पंप किल्ली बंद झाल्यावरही काही वेळ चालू राहतो आणि पाइपमधलं पाणी परत टाकीत ओढून घेतो. त्याआधीच आयसोलेटर फिरवला तर युरिया पाइपमध्ये आणि फवाऱ्याच्या तोंडाशी वाळतो. त्याचे पांढरे खडे धरतात. उघडून बघितलं तर तोंडाभोवती मिठागरातल्या कडेसारखी पांढरी खरबरीत साय दिसते. ती कोमट पाण्यात विरघळते, पाना लावून खरवडायची गरज नसते. बऱ्याच मशीनवर आयसोलेटरजवळ यासाठी छोटा दिवा असतो. तो विझेपर्यंत थांबायचं, दोन-तीन मिनिटांचा प्रश्न.

युरियाच्या बाबतीत आपल्या साइटवरची हेळसांड बघवत नाही. हे शेतातलं खत पाण्यात ढवळून होणारं काम नाही. बरोबर ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, इतकं नेमकं मिश्रण असतं. खतात आणि बोअरच्या पाण्यात जे क्षार असतात ते कॅटलिस्टवर जाऊन बसतात आणि परत निघत नाहीत. थंड देशांत ते उणे ११ अंशांना गोठतं म्हणून टाकीला हीटर देतात. आपला प्रश्न उन्हाचा. तीस अंशांच्या आत ठेवलं तर वर्षभर टिकतं, पण विदर्भातल्या मे महिन्यात ताडपत्रीखाली ठेवलेले कॅन किती टिकणार? त्याला वेगळं नरसाळं हवं, ज्याला कधी डिझेल लागलेलं नाही. पितळी कॉक आणि जस्ताचा पत्रा त्याला चालत नाही. मशीनच्या डिस्प्लेवर एसपीएन ३३६४ हा कोड आला की तो युरियाच्या प्रतीबद्दल बोलतोय. तेव्हा आधी कॅन बघायचा, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून युरियाचा टक्का बघायचा, सेन्सरची ऑर्डर नंतर. शंभर लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर युरिया जातो. एखाद्या मशीनचा खर्च अचानक निम्म्यावर आला तर ती बचत नव्हे. फवारा कुठेतरी तुंबलाय.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्या तीन रंगांचा धूर आज कुठे गेला?

काळा धूर डीपीएफमध्ये साठतो. नोझल गळत असेल, एअर क्लीनर चोंदला असेल, टर्बोचा होस फुटला असेल, तर सायलेन्सरमधून काही दिसत नाही. रीजन मात्र लवकर लवकर मागायला लागतं. पूर्वी ज्याला आम्ही "धूर वाढलाय" म्हणायचो, त्याला आज "रीजन वाढलंय" म्हणायचं. निळा धूर याहून वाईट, कारण ऑईलमधल्या क्षारांची ती राख जळत नाही. सहाशे अंश काय, आठशे दिले तरी राख राखच राहते आणि वाटांच्या टोकाशी गच्च बसते. ती काढायला ठोकळा उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो. म्हणून कमी राखेचं, सीजे-४ किंवा सीके-४ दर्जाचं ऑईल सांगतात. ड्रम स्वस्तात मिळाला म्हणून जुन्या दर्जाचं ऑईल ओतणारा मालक दोन-चार हजार वाचवतो आणि लाखांचा ठोकळा आधीच बुजवून ठेवतो. पांढऱ्याचं म्हणाल तर न जळलेलं डिझेल डीओसीत जाऊन जळतं आणि तापमानाचे आकडे भलतेच येतात. गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर त्यातले क्षार कॅटलिस्ट खराब करतात.

एक खूण नवीन आली आहे, आणि ती जुन्याच साधनावर दिसते. डिपस्टिकवर. काही इंजिनांत रीजनसाठीचं जादा डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा फवारतात. रीजन वारंवार व्हायला लागलं किंवा मधेच तुटत राहिलं की ते डिझेल लायनरवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतं. ऑईल कमी होण्याऐवजी वाढतं. आमच्या काळी ऑईलची पातळी वाढली की पाणी उतरलं म्हणायचो, रंग दुधी झाला का बघायचो. आज पातळी वाढली, रंग काळाच आहे आणि डिपस्टिकचा थेंब बोटांत पातळ लागतोय, वास डिझेलचा येतोय, तर मशीन तिथेच थांबवायचं. अशा ऑईलवर बेअरिंग जातात. कोड वाचायला मशीनला जोडतात तो लॅपटॉप ही गोष्ट दर वेळी सांगेलच असं नाही. फडकं आणि दोन बोटं सांगतात.

मागे एका साइटवर तीस टनी एक्स्कॅव्हेटर दिवसात दोनदा रीजन मागत होता. लॅपटॉप लावून झाला होता, काजळीच्या आकड्याशिवाय दुसरा कोड नव्हता. ठोकळा बदला असा सल्ला मिळालेला, दर ऐकून मालकाचा चेहरा उतरलेला. मी ऑपरेटरला विचारलं, "मामा, बकेट मातीत घुसवताना कशी वाटते?" ते म्हणाले, "साहेब, दम जरा उशिरा येतो. फार नाही." म्हणजे हवा कमी. आम्ही साबणाचं पाणी करून इंटरकूलरच्या होसवर ब्रशने लावलं आणि इंजिन रेज केलं. क्लॅम्पच्या मागे, जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही, तिथे फेसाचे बुडबुडे उठायला लागले. बोटाच्या पेराएवढी चीर होती. सेन्सरला हवेचा दाब किंचित कमी वाटत होता, कोड देण्याइतका नाही. जुनं इंजिन असतं तर पलीकडच्या टेकडीवरून काळा धूर दिसला असता. होस बदलला, एक रीजन पूर्ण होऊ दिलं, आणि मशीन ठिकाणावर आलं.

ठोकळा बदलायच्या आधी आणखी एक गोष्ट जरूर बघावी. डीपीएफच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, त्याला दोन बारीक नळ्या जातात. त्यातली एक तुंबली, वितळली किंवा उलटसुलट बसली तरी मशीन ठोकळा भरला म्हणून बोंब मारतं. या सेन्सरांवर आणि त्यांच्या कनेक्टरांवर वॉशिंगची प्रेशर गन मारणं हा तर निव्वळ अडाणीपणा आहे. जुना डोझर धुताना कुठेही पाणी मारा, काही बिघडत नव्हतं, ही सवय मोडायला हवी. आणि रुमालाची परीक्षा कधीमधी करावी. नळीच्या आत काळं लागलं तर आकडे काहीही सांगोत, ठोकळ्याला तडा गेलेला आहे.

बायपासबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. युरियाचा सिग्नल खोटा देणारी डबी लावून देतो, डीपीएफ पोकळ करून देतो, असं सांगणारे लोक आता साइटवर यायला लागले आहेत. मालकाला वाटतं कटकट मिटली. ते बेकायदा आहेच, पण माझा राग दुसऱ्या कारणाने आहे. ठोकळा पोकळ केल्यावर तीच काजळी खाली उभ्या असलेल्या हेल्परच्या, सिग्नल देणाऱ्या पोराच्या, बोगद्यातल्या माणसाच्या छातीत जाते. मी ती छाती रात्रभर वाजताना ऐकलेली आहे. शिवाय ज्या नोझलमुळे किंवा होसमुळे ठोकळा भरत होता ते दुखणं तसंच राहतं आणि एक दिवस पिस्टन घेऊन जातं.

आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा ट्रेड आहे. तिथून येणारी मुलं हुशार असतात, कोड चटकन वाचतात, वायरिंगचा नकाशा आमच्यापेक्षा लवकर समजतात. पण त्यांच्यातल्या अनेकांनी इंजिनाचा धूर धड बघितलेलाच नाही, आणि त्यात त्यांचा काय दोष? म्हणून आमच्या यार्डात मायकोच्या पंपाचं एक जुनं सहा सिलिंडरचं इंजिन स्टँडवर चालू ठेवलेलं आहे, पत्र्याबाहेर, मोकळ्या हवेत, आणि ते फक्त शिकवण्यापुरतं सुरू होतं. नवीन मुलगा आला की त्याच्यासमोर हवेची वाट थोडी अडवतो आणि काळा धूर दाखवतो. पंपाचं टायमिंग मागे घेऊन पांढरा दाखवतो. गळकी नोझल टेस्टरवर त्याच्या हाताने दाबून घेतो, थेंब धरलेला त्याच्या डोळ्यांनी बघू देतो. मग नव्या मशीनपाशी नेऊन लॅपटॉपवर मागच्या महिन्यातल्या रीजनच्या नोंदी उघडतो आणि विचारतो, या इंजिनाचा धूर आज दिसला असता तर कुठल्या रंगाचा असता? उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावू देत नाही.